विशीच्या आत : जागतिक ज्युनियर आइस हॉकी स्पर्धेची पन्नास वर्षं

अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यातल्या मिनियापोलिस आणि सेंट पॉल या जुळ्या शहरांत २६ डिसेंबर २०२५ रोजी जागतिक ज्युनियर आइस हॉकी स्पर्धेची पन्नासावी खेप सुरू झाली. नाताळच्या दुसऱ्या दिवशी सुरू व्हायचं आणि जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात उरकायचं, हा या स्पर्धेचा जुना शिरस्ता. दहा देशांचे संघ येतात आणि सगळ्यांना एकच कडक अट असते : खेळाडू विशीच्या आतला हवा. या खेपेला १ जानेवारी २००६ किंवा त्यानंतर जन्मलेलेच पात्र होते.

या अटीमुळे इथे कुणालाच मुक्काम ठोकता येत नाही. एक-दोन वर्षं, क्वचित त्याहून जास्त, की मुलगा वयातून बाद. संघ दर हिवाळ्याला जवळपास नवा उभा करावा लागतो. म्हणूनच या स्पर्धेचा इतिहास एखाद्या थोर खेळाडूच्या कारकिर्दीभोवती गुंफता येत नाही. मुलांना घडवणाऱ्या, देशाची अब्रू त्यांच्या खांद्यावर टाकणाऱ्या आणि काही वेळा त्यांना सांभाळण्यात कमी पडलेल्या मोठ्या माणसांचाही तो इतिहास आहे.

सुरुवात निमंत्रितांच्या स्पर्धेनं झाली. आंतरराष्ट्रीय आइस हॉकी महासंघाच्या पुढाकारानं १९७३-७४च्या हिवाळ्यात लेनिनग्राडला सहा देश जमले. पुढच्या वर्षी मुख्यतः कॅनडाच्या मॅनिटोबा प्रांतात आणि १९७६ मध्ये फिनलंडमध्ये सामने झाले. या तीन स्पर्धा अधिकृत यादीत धरल्या जात नाहीत. अधिकृत गणती १९७७ पासून, चेकोस्लोव्हाकियातल्या बान्स्का बिस्त्रित्सा आणि झ्वोलेन या दोन गावांतल्या स्पर्धेपासून सुरू होते. निकाल मात्र अधिकृत-अनधिकृत असा भेद मानत नव्हता. तिन्ही निमंत्रित स्पर्धा सोव्हिएत संघानं जिंकल्या आणि १९७७ ते १९८० ही चारही अधिकृत सुवर्णपदकंही त्यांनीच नेली. क्लबांच्या क्रीडाशाळांत लहानपणापासून तयार झालेली ही मुलं होती. पक, म्हणजे बर्फावरून घसरत जाणारी ती रबराची चकती, कुणाकडे जाणार हे त्यांना मान वर न करता कळायचं. फेतिसोव्ह, माकारोव्ह, क्रुतोव्ह, लारिओनोव्ह ही जगाला पुढे दरारा वाटायला लावणारी नावं याच स्पर्धेतून पुढे गेली.

आइस हॉकी हा आपला खेळ, असं मानणारा कॅनडा तेव्हा काय करत होता? बहुतेक वर्षी तो एखादा ज्युनियर क्लबच देशाच्या नावानं पाठवून देत होता. हाताशी चार-दोन बदली खेळाडू द्यायचे, झेंड्याचा शर्ट चढवायचा आणि विमानात बसवायचं. १९७८ मध्ये स्पर्धा क्वेबेकमध्ये होती तेव्हा अपवाद म्हणून देशभरातून निवडक मुलं एकत्र आणली. त्यांत सोळा वर्षांचा, अंगानं किरकोळ असा वेन ग्रेट्झ्की होता. सहा सामन्यांत ८ गोल आणि ९ गोलसाहाय्य, असे १७ गुण मिळवून तो स्पर्धेत पहिला आला. संघ तिसरा राहिला. त्यानंतर पुन्हा जुनीच रीत सुरू झाली आणि १९७९ व १९८० मध्ये पाचवा, १९८१ मध्ये सातवा असे क्रमांक पदरात पडले. त्या १९८१च्या पश्चिम जर्मनीतल्या स्पर्धेत सोव्हिएत मक्तेदारी मोडली, ती स्वीडननं.

सातव्या क्रमांकाची ही नामुष्की कॅनडाला जिव्हारी लागली. कॅनडाच्या हौशी हॉकी संघटनेचे अध्यक्ष मरी कॉस्टेलो यांनी देशव्यापी निवडीची योजना पुढे रेटली. ऑन्टारियो, क्वेबेक आणि पश्चिमेकडचे प्रांत अशा तीन ज्युनियर लीग होत्या. प्रत्येक क्लबमालकाला भर मोसमात आपला सर्वांत चांगला मुलगा सोडायला सांगायचं, म्हणजे त्याच्या गल्ल्यात हात घालण्यासारखंच होतं. तरीही मालक राजी झाले. उन्हाळ्यात शिबिर भरलं आणि प्रशिक्षक म्हणून डेव्ह किंग यांची नेमणूक झाली. शिबिरातच एकमेकांची सवय झालेला राष्ट्रीय संघ डिसेंबर १९८१ मध्ये बर्फावर उतरला.

फळ लगेच दिसलं. विनिपेगमध्ये या मुलांनी सोव्हिएत संघाला ७-० असं हरवलं. तेव्हा बाद फेरी नव्हती. सगळ्यांनी सगळ्यांशी खेळायचं, गुण मोजायचे आणि पहिला त्याला सुवर्ण. शेवटचा सामना मिनेसोटातल्या रॉचेस्टर गावी चेकोस्लोव्हाकियाशी होता आणि कॅनडाला बरोबरी पुरेशी होती. सामना ३-३ असा सुटला. पदकं गळ्यात पडली, मुलं निळ्या रेषेवर ओळीनं उभी राहिली, आणि लक्षात आलं की कॅनडाच्या राष्ट्रगीताची ध्वनिफीतच आयोजकांपाशी नाही. मग मुलांनी एकमेकांच्या खांद्यावर हात टाकले आणि स्वतःच राष्ट्रगीत गायला सुरुवात केली. सुरात होतं असं कुणी म्हणत नाही, पण कॅनडात आजही त्या सुवर्णपदकाचा विषय निघाला की आधी हे गाणं आठवतं. कागदोपत्री स्पर्धेचा जन्म १९७७चा असला, तरी तिला जीव आला तो रॉचेस्टरला. खेळाचं माहेरघर म्हणवणाऱ्या देशानं ती मनावर घेतली आणि तिथून पुढे कुठल्याच देशाला क्लबचा संघ पाठवून भागेना.

मनावर घेण्याची दुसरी बाजूही लवकरच दिसली. ४ जानेवारी १९८७, चेकोस्लोव्हाकियातलं पिएश्त्यानी. कॅनडा आणि सोव्हिएत संघ शेवटचा सामना खेळत होते. कॅनडाचं पदक नक्की होतं, पण सुवर्णासाठी किमान पाच गोलांच्या फरकानं जिंकायला हवं होतं. सोव्हिएत मुलांना मात्र पदकाची आशाच उरली नव्हती, आणि हरण्यासारखं काही न उरलेला संघ बर्फावर फार धोकादायक असतो. पहिल्या मिनिटांपासून काठ्या आणि कोपरं चालत होती. नॉर्वेचे पंच हान्स र‍्योनिंग यांना सामना आवरला नाही. दुसऱ्या सत्राची सहा मिनिटं उरली असताना, कॅनडा ४-२ असा पुढे असताना, मारामारी पेटली. आधी सोव्हिएत बाकावरचे खेळाडू कठडा ओलांडून आत आले, पाठोपाठ कॅनडाचे. जोड्या लागल्या. हेल्मेटं आणि हातमोजे बर्फभर पसरले. पंच आणि रेषापंच बर्फ सोडून निघून गेले. कुणीतरी दिवे मालवले, तरी अंधारात गुद्दे चालूच राहिले.

महासंघानं त्याच संध्याकाळी दोन्ही संघांना स्पर्धेतून बाद केलं. कॅनडाचं पदक गेलं आणि सुवर्ण फिनलंडकडे आलं, त्यांचं पहिलंच. चूक कुणाची, यावर कॅनडात वर्षानुवर्षं वाद झाला. पण ज्या मोठ्यांनी अशा वातावरणाच्या सामन्यासाठी अनुभवात कमी पडणारे पंच नेमले आणि ज्या प्रशिक्षकांना आपला बाक आवरता आला नाही, त्यांची जबाबदारी सतरा-अठरा वर्षांच्या पोरांपेक्षा मोठी होती, हे नोंदवायलाच हवं. त्या पोरांनी पुढे काय केलं तेही सांगण्यासारखं आहे. थिओरेन फ्ल्युरी पुढच्याच वर्षी कॅनडाचा कर्णधार म्हणून थेट मॉस्कोला गेला आणि त्याच्या संघानं यजमानांना ३-२ असं हरवून सुवर्ण आणलं. पिएश्त्यानीत समोरासमोर उभे ठाकलेले ब्रेंडन शॅनहॅन, सर्गेई फ्योदोरोव्ह आणि व्लादिमिर कॉन्स्तान्तिनोव्ह हे तिघं तर १९९७ मध्ये डेट्रॉइटच्या एकाच संघातून व्यावसायिक हॉकीतला मानाचा स्टॅन्ली कप जिंकले.

१९९१ मध्ये कॅनडातल्या सॅस्काटूनला स्पर्धा झाली, आणि त्याच वर्षापासून टीएसएन ही क्रीडावाहिनी तिचं प्रक्षेपण करू लागली. शेवटच्या सामन्यात कॅनडा आणि सोव्हिएत संघ २-२ असे अडकले होते. पाच मिनिटं आणि तेरा सेकंद उरली असताना न्यूफाउंडलंडच्या जॉन स्लेनीनं निळ्या रेषेजवळून फटका मारला आणि कॅनडाला सुवर्ण मिळालं. वाहिनीला पहिल्याच वर्षी असा शेवट लाभला. सुट्टीचा आठवडा, बाहेर गोठवणारी थंडी आणि घरी सगळं कुटुंब जमलेलं. या वेळेला दाखवायला याहून चांगलं काय असणार? कॅनडाच्या घरांत ही स्पर्धा आपल्याकडच्या दिवाळी अंकाइतकी सवयीची झाली, ती तेव्हापासून.

स्पर्धा दोन वर्षांच्या सांध्यावर भरत असल्यानं जगाच्या नकाशातले बदलही तिनं मधूनच अनुभवले. डिसेंबर १९९१ मध्ये जर्मनीत एक संघ सोव्हिएत संघराज्य म्हणून खेळायला उतरला. पहिल्याच दिवशी त्यांचा देश औपचारिकरीत्या विसर्जित झाला. त्याच मुलांनी उरलेली स्पर्धा स्वतंत्र राष्ट्रकुलाच्या नावानं पूर्ण केली आणि सुवर्णही जिंकलं. लगेच पुढच्या वर्षी, स्वीडनमधल्या येव्ले इथे, चेकोस्लोव्हाकियाच्या संघाच्या वाट्याला तेच आलं. ३१ डिसेंबरच्या मध्यरात्री देशाचे दोन देश झाले आणि संघानं उरलेले सामने एकत्र खेळून कांस्यपदक मिळवलं. शर्टावरचं नाव मागे पडलं तरी पकमागे धावणारी मुलं तीच होती.

येव्लेची ती स्पर्धा पेटर फोर्सबर्गचीही. सात सामन्यांत त्यानं ३१ गुण मिळवले, त्यांतले १० एकट्या जपानविरुद्ध. स्वीडननं तो सामना २०-१ असा जिंकला होता. त्याचा सहकारी मार्कुस नेस्लुंड यानं स्पर्धेत १३ गोल केले. एवढं करूनही स्वीडनला सुवर्ण मिळालं नाही. गुण सारखे झाले आणि आपसातला सामना ५-४ असा जिंकल्यामुळे कॅनडा पहिला ठरला. गुणतक्त्यावर विजेता ठरवण्याची ही पद्धत १९९५ पर्यंत टिकली. १९९६ मध्ये बॉस्टनच्या स्पर्धेपासून संघ आठाचे दहा झाले, दोन गट पडले आणि बाद फेरी आली.

बाद फेरीमुळे लहान देशांना पदकाची वाट सापडली. दोनच वर्षांनी फिनलंडमध्ये याचा पुरेपूर प्रत्यय आला. यजमानांनी रशियाला जादा वेळेत हरवून सुवर्ण घेतलं, स्वित्झर्लंडनं कांस्य मिळवलं आणि लागोपाठ पाच वेळा विजेता राहिलेला कॅनडा आठव्या स्थानावर घसरला. सातव्या जागेच्या सामन्यात त्याला कझाकस्ताननं ६-३ असं हरवलं. त्या कॅनडाच्या संघात सतरा वर्षांचा मॅनी मल्होत्रा होता, वडील भारतीय आणि आई क्वेबेकची. २००० साली स्वीडनला जाणाऱ्या कॅनडा संघाचं कर्णधारपद त्याच्याकडे आलं आणि त्या संघानं कांस्य मिळवलं. विशीच्या आत दुसरी संधी मिळणारे फार थोडे असतात. तो त्यांपैकी एक होता.

चूक झाली की ती कोट्यवधी लोकांच्या डोळ्यांदेखत होते, हेही या वयाला सोसावं लागतं. २००४ मध्ये हेलसिंकीत कॅनडा अमेरिकेविरुद्ध ३-१ पुढे होता. अमेरिकेनं बरोबरी साधली. मग कॅनडाचा एकोणीस वर्षांचा गोलरक्षक मार्क-आंद्रे फ्ल्युरी पक दूर टोलवायला पुढे आला, तो टोला त्याच्याच बचावपटूवर आदळला आणि पक मागे वळून जाळ्यात गेला. अमेरिकेला पहिलं सुवर्ण मिळालं. २०११ मध्ये बफेलोला शेवटचं सत्र सुरू होताना कॅनडा ३-० पुढे होता. रशियन मुलांनी त्या एका सत्रात पाच गोल केले. मार्क-आंद्रे फ्ल्युरी पुढे पिट्सबर्गबरोबर तीनदा स्टॅन्ली कप जिंकला, पण सगळ्यांचं आयुष्य असं सावरत नाही. प्रेक्षकांनी आणि समालोचकांनी समोरच्या मुलाचं वय लक्षात ठेवायला हवं.

याच मुलांनी दिलेला आनंदही तेवढाच मोठा आहे. २००९ मध्ये ओटावाला उपांत्य सामन्यात रशिया ५-४ पुढे होता आणि घड्याळात ५.४ सेकंद उरले होते, तेव्हा गर्दीतून सुटलेला पक जॉर्डन एबर्लेच्या काठीवर आला आणि त्यानं बरोबरी केली. शूटआउटमध्ये, म्हणजे गोलरक्षकासमोर एकेकट्यानं मारायच्या फटक्यांत, कॅनडा जिंकला, नंतर अंतिम सामनाही. त्या स्पर्धेला एकूण ४,५३,२८२ प्रेक्षक आले. २९ डिसेंबर २०१७ रोजी बफेलोजवळ ऑर्चर्ड पार्कच्या उघड्या फुटबॉल स्टेडियममध्ये अमेरिका-कॅनडा सामना झाला. बर्फ एवढा पडत होता की कर्मचारी पुन्हा पुन्हा फावडी घेऊन रिंक साफ करत होते, आणि ४४,५९२ माणसं तशा हिमवर्षावात बसून राहिली.

प्रेक्षकांचे हे आकडे पाहिले की स्पर्धेचा गाडा कुणाच्या जोरावर चालतो ते कळतं. युरोपात ती भरली की कित्येक सामन्यांना खुर्च्या रिकाम्या असतात. कॅनडात किंवा ग्रँड फोर्क्स, बफेलो यांसारख्या सीमेलगतच्या अमेरिकन शहरांत भरली की तिजोरी भरते. त्यामुळे यजमानपद वारंवार तिकडेच जाऊ लागलं. जगाच्या नावानं चालणारी स्पर्धा एकाच देशाच्या उत्साहावर इतकी विसंबावी, हे दुखणं आहेच. तो उत्साह आटला तर काय होतं, हेही लवकरच दिसलं.

कोविड महासाथीच्या काळात, २०२१ची स्पर्धा एडमंटनमध्ये प्रेक्षकांविना झाली. जर्मनीचे बरेच खेळाडू विलगीकरणात असल्यानं त्यांनी गोलरक्षक सोडून अवघ्या चौदा खेळाडूंनिशी कॅनडाला तोंड दिलं आणि १६-२ अशी हार पत्करली. ती मुलं सामना पूर्ण खेळली, हे विसरू नये. अंतिम सामन्यात अमेरिकेनं कॅनडाला २-० हरवलं. पुढच्या खेपेला संघांत लागण पसरली आणि २९ डिसेंबर २०२१ रोजी स्पर्धा अर्ध्यातच थांबवावी लागली. त्याआधी काहीच दिवस महासंघानं मुलींची अठरा वर्षांखालची जागतिक स्पर्धा रद्द केली होती, तीही लागोपाठ दुसऱ्यांदा. मुलांची चालू ठेवायची आणि मुलींची रद्द करायची, यावर जोरदार टीका झाली आणि ती रास्तच होती. मुलींची स्पर्धा अखेर जून २०२२ मध्ये अमेरिकेतल्या मॅडिसनला झाली, मुलांची ऑगस्टमध्ये पुन्हा एडमंटनला.

ऑगस्टमधल्या त्या स्पर्धेवर मोठं सावट होतं आणि प्रेक्षकांचा उत्साहही आटला होता. जून २०१८ मध्ये लंडन या ऑन्टारियोतल्या शहरात, त्या वर्षीच्या विजेत्या कॅनडा संघातल्या काही जणांसह खेळाडूंच्या एका गटानं लैंगिक अत्याचार केल्याचा आरोप एका तरुणीनं केला होता. तिचा दावा हॉकी कॅनडा या राष्ट्रीय संघटनेनं गाजावाजा न करता मिटवल्याचं २०२२ मध्ये उघड झालं. अशा दाव्यांसाठी वापरल्या जाणाऱ्या निधीत देशभरातल्या लहान खेळाडूंच्या नोंदणीशुल्काचे पैसे होते, हेही बाहेर आलं. सरकारनं निधी गोठवला, प्रायोजकांनी पाठ फिरवली आणि ऑक्टोबरमध्ये संघटनेचे मुख्य कार्यकारी अधिकारी आणि संपूर्ण संचालक मंडळ पायउतार झालं. जुलै २०२५ मध्ये न्यायालयानं खटला चाललेल्या पाचही खेळाडूंना निर्दोष ठरवलं. निकाल लागला, तरी आई-बापांनी विश्वासानं भरलेल्या शुल्काचं काय झालं, या प्रश्नाचा जाब संस्थेला द्यावाच लागणार होता. गौरवाच्या पानांबरोबर हे पानही या इतिहासात राहायला हवं.

ऑगस्ट २०२२च्या त्या स्पर्धेचा बर्फावरचा शेवट मात्र विलक्षण झाला. कॅनडाचा फिनलंडविरुद्धचा अंतिम सामना २-२ असा जादा वेळेत गेला. फिनलंडचा पक गोलरक्षकाला चकवून जाळ्याकडे निघाला असताना कॅनडाचा कर्णधार मेसन मॅक्टॅविशनं काठीनं तो हवेतच, गोलरेषेवर अडवला. पाठोपाठ केंट जॉन्सनच्या गोलनं कॅनडा जिंकला. त्यानंतरच्या हिवाळ्यात स्पर्धा मुळात सायबेरियात, नोवोसिबिर्स्क आणि ओम्स्कला व्हायची होती. युक्रेनवरच्या आक्रमणानंतर रशियाला बाहेर ठेवण्यात आलं आणि सामने हॅलिफॅक्स व मंक्टनला हलवले गेले. तिथे सतरा वर्षांच्या कॉनर बेडार्डनं सात सामन्यांत २३ गुण मिळवले आणि प्रेक्षागृहं पुन्हा भरली. त्यापुढची दोन सुवर्णपदकं, २०२४ आणि २०२५ची, अमेरिकेनं लागोपाठ जिंकली. असं त्यांना पूर्वी कधी जमलं नव्हतं.

२०२५ पर्यंतच्या ४९ अधिकृत स्पर्धांत कॅनडानं २० सुवर्णपदकं जिंकली, सोव्हिएत संघ आणि त्याचे वारस यांनी मिळून १३, अमेरिकेनं ७, फिनलंडनं ५, स्वीडन आणि चेक प्रजासत्ताक यांनी प्रत्येकी २. पन्नास वर्षांत सुवर्णाला हात लावलेले देश एवढेच. बाकीच्यांची झुंज आधी दहांत टिकण्याची असते. २०२५ मध्ये कझाकस्तान खाली उतरलं आणि डेन्मार्क वर आलं. अशा देशांत एकाच वेळी पाच-सात चांगले खेळाडू जन्माला यावे लागतात आणि ते विशीच्या आत असेपर्यंतच काय ते साधावं लागतं.

लॅटव्हियाचंच पाहा. लोकसंख्या वीस लाखांच्याही आत. ऑगस्ट २०२२ मध्ये रशियाची जागा रिकामी झाली म्हणून त्यांना बोलावणं आलं आणि ते पहिल्यांदाच उपांत्यपूर्व फेरीत पोचले. २७ डिसेंबर २०२४ रोजी ओटावात, खचाखच भरलेल्या प्रेक्षागृहात, त्यांची गाठ यजमान कॅनडाशी पडली. गोलरक्षक लिनार्ड्स फेल्डबर्ग्सनं ५५ फटके अडवले. सामना २-२ असा शूटआउटमध्ये गेला. तिथे फेल्डबर्ग्सनं कॅनडाच्या एकाही खेळाडूला गोल करू दिला नाही आणि एरिक्स मातेइकोनं लॅटव्हियाचा विजयी गोल केला. उपांत्यपूर्व फेरीत स्वीडननं त्यांना ३-२ असं हरवलं. एकाच गोलाचा तो फरक होता, आणि त्या संघातले धाकटे पुढच्या वर्षीही वयात बसणार होते.